निवडणूक वेळेवर, न्यायही वेळेवर

२०२५ च्या दिवाळीत हा अंक शहागडच्या वाचकांच्या हाती पडला, तेव्हा जालना जिल्हा परिषदेत आणि अंबड पंचायत समितीत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ई पाच वर्षांची मुदत ठरवतो आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायला बजावतो. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण त्याला मत मागायला पुन्हा दारी यायचे नसते. मग गोदाकाठच्या गावांनी रस्त्याचा, शाळाखोलीचा जाब विचारायचा कोणाला? ही कोंडी फोडली ती सर्वोच्च न्यायालयाने. ६ मे २०२५ रोजी त्याने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. ते झाले नाही, तेव्हा १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली.

न्यायाधीशांना कोणी निवडून देत नाही, मग त्यांनी यात का पडावे, असे विचारले जाते. उत्तर १९७५ सालात आहे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली. त्यावर ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढण्यात आली. ७ नोव्हेंबरला, ऐन आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली आणि त्याच निकालात इंदिराजींची निवड मात्र कायम ठेवली. कोण जिंकावे हे न्यायालयाने ठरवले नाही. जिंकणे तपासण्याचा अधिकार तेवढा राखला. बहुमतवाल्यांनाच तो अधिकार पुसता आला, तर पुढच्या मताला अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो खरा आहे: आपल्याकडचा विलंब न्यायालयातही झाला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला आकडेवारीचा आधार हवा, असा निकाल ४ मार्च २०२१ रोजी आला. पुढे ती आकडेवारी गोळा करणारा बांठिया आयोग, प्रभागरचना आणि तारखांवर तारखा. आरक्षणाचा प्रश्न न्याय्यच होता, तो घाईने उडवून लावणे चुकीचे ठरले असते. पण अखेर न्यायालयाने २०२२ पूर्वीचे आरक्षण धरून, अंतिम निकालाच्या अधीन राहून निवडणुका घ्यायला सांगितले. ही वाट आधीही धरता आली असती. म्हणून स्वतंत्र न्यायालयाकडे आमचे मागणे एवढेच: निवडणूक अडवणाऱ्या प्रत्येक दाव्याच्या सुनावणीला कालमर्यादा असावी. सरकारला तारीख पाळायला लावणाऱ्याने स्वतःही ती पाळली, तरच त्याच्या शब्दाला वजन राहते.