विक्रमचा अहवाल कुठे आहे?

७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर आदळला. पंधरवड्यातच इस्रोच्या अध्यक्षांनी मोहिमेला ९८ टक्के यश बहाल केले. (उरलेले दोन टक्के म्हणजे चंद्रावर उतरणे!) नोव्हेंबरमध्ये संसदेला कारण कळले ते एवढेच, की वेग आराखड्यापेक्षा अधिक घटला. इंजिनांचा जोर अपेक्षेहून जास्त होता, त्रुटी साचत गेल्या आणि यानाने किती झपाट्याने वळावे यावर सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातली होती, हा उलगडा जाहीरपणे झाला जुलै २०२३ मध्ये, चंद्रयान-३ चे उड्डाण तोंडावर आले असताना. सॉफ्टवेअरमध्ये दोष राहतात. त्यात लाज कसली? पण अपघात-विश्लेषणाचा संपूर्ण अहवाल अद्याप प्रसिद्ध नाही. नियंत्रणप्रणाली शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी आपल्याच यानाची चूक भाषणांतल्या तुकड्यांवरून जुळवत बसावे काय?