टॉरी होल्ट यांचे विक्रम आणि हॉल ऑफ फेमची प्रतीक्षा

अमेरिकी फुटबॉलमधील सर्वोच्च सन्मान मानल्या जाणाऱ्या ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’च्या 2026 च्या निवडीत लॅरी फिट्झगेराल्ड यांना पात्रतेच्या पहिल्याच वर्षी स्थान मिळाले. त्यांच्याच जागेवर खेळलेले आणि 2015 पासून पात्र असलेले टॉरी होल्ट यांचे नाव मात्र याही वेळी यादीत नव्हते. विक्रमांच्या पुस्तकात ज्यांचे स्थान निर्विवाद आहे, अशा खेळाडूला गौरवदालनाच्या दाराशी एका दशकाहून अधिक काळ का थांबावे लागावे, असा प्रश्न त्यामुळे पुन्हा विचारला जात आहे.

अमेरिकी फुटबॉल हा खेळ भारतात परिचित असलेल्या फुटबॉलपेक्षा निराळा आहे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि झेलतात. क्वार्टरबॅक या खेळाडूने लांबवर फेकलेला चेंडू झेलून प्रतिपक्षाच्या हद्दीत पुढे सरकणे हे रिसीव्हरचे काम. त्याची कामगिरी तीन आकड्यांत मोजली जाते : झेल किती घेतले, त्यांवर किती यार्ड अंतर मिळवले आणि चेंडू अंतिम रेषेपार नेऊन किती टचडाऊन केले. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची असते, हे लक्षात घेतले तर या अंतराची कल्पना येऊ शकेल.

होल्ट 1999 मध्ये सेंट लुई रॅम्स संघात दाखल झाले आणि 2009 मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्स संघाकडून अखेरचा हंगाम खेळले. अकरा हंगामांत त्यांनी 920 झेल, 13,382 यार्ड आणि 74 टचडाऊन अशी नोंद केली. हे अंतर सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास भरते. पदार्पणाच्याच हंगामात रॅम्स संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. 30 जानेवारी 2000 रोजी झालेल्या त्या सामन्यात होल्ट यांनी 7 झेलांवर 109 यार्ड मिळवले आणि एक टचडाऊन केला.

तथापि, त्यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य एखाद्या सामन्यात नसून सातत्यात आहे. 2000 ते 2005 या सलग सहा हंगामांत त्यांनी प्रत्येक वेळी 1,300 हून अधिक यार्डांची मजल मारली. एनएफएलच्या इतिहासात त्यापूर्वी हे कोणालाही साधले नव्हते. 2000 मध्ये 1,635 आणि 2003 मध्ये 1,696 यार्ड मिळवून त्यांनी दोन वेळा लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. 2000 ते 2009 या संपूर्ण दशकाचा हिशेब मांडला, तर झेल आणि यार्ड या दोन्ही बाबतींत होल्ट हेच अग्रस्थानी आहेत.

याच दशकातील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ हॉल ऑफ फेमच्या निवड समितीने जाहीर केला, तेव्हा त्यात चार रिसीव्हर होते. मार्विन हॅरिसन आणि रँडी मॉस पहिल्या संघात, तर टेरेल ओवेन्स आणि टॉरी होल्ट दुसऱ्या संघात. हॅरिसन 2016 मध्ये, तर मॉस आणि ओवेन्स 2018 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. चौघांपैकी एकटे होल्ट बाहेर राहिले आहेत.

त्यांच्या विरोधात सामान्यतः तीन मुद्दे मांडले जातात. पहिला मुद्दा टचडाऊनच्या संख्येचा. मॉस यांचे 156, ओवेन्स यांचे 153 आणि हॅरिसन यांचे 128 टचडाऊन पाहता होल्ट यांचे 74 निश्चितच कमी आहेत. परंतु 2024 मध्ये निवडले गेलेले आंद्रे जॉन्सन यांच्या नावावर 70 टचडाऊन आहेत. म्हणजे ही उणीव त्यांच्या बाबतीत आड आली नाही.

दुसरा मुद्दा कारकीर्द तुलनेने लहान असल्याचा. गुडघ्याच्या दुखण्याने होल्ट यांच्या अखेरच्या हंगामांवर परिणाम झाला, हे खरे आहे. मात्र केवळ नऊ हंगाम खेळलेल्या कॅल्व्हिन जॉन्सन यांना 2021 मध्ये पहिल्याच वर्षी हा मान मिळाला. मानेच्या दुखापतीमुळे सात हंगामांतच खेळ सोडावा लागलेले स्टर्लिंग शार्प 595 झेलांच्या बळावर 2025 मध्ये निवडले गेले. शिखरावरची काही वर्षे पुरेशी असतात, हे तत्त्व समितीने स्वतःच मान्य केले आहे.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. होल्ट ज्या संघात होते, त्याचे आक्रमण असामान्य होते. त्यातील क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, धावपटू मार्शल फॉक, बचावफळीला थोपवून धरणारे ऑरलँडो पेस आणि दुसरे रिसीव्हर आयझॅक ब्रूस हे चौघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अशा संघात आकडे आपोआप वाढतात, असा आक्षेप घेतला जातो. याचे उत्तर 2003 च्या हंगामात सापडते. त्या वर्षी वॉर्नर यांनी संघातील स्थान गमावले होते आणि चेंडू फेकण्याची धुरा प्रामुख्याने मार्क बल्जर यांच्याकडे होती. होल्ट यांनी 117 झेल आणि 1,696 यार्ड ही आपली सर्वोत्तम कामगिरी त्याच हंगामात नोंदवली.

मग अडसर कुठे आहे? त्याचा मोठा भाग निवडीच्या पद्धतीत दडलेला दिसतो. ओहायो राज्यातील कँटन येथे 1963 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची निवड समिती सुमारे 50 जणांची असून तीत प्रामुख्याने क्रीडापत्रकार आहेत. 2025 च्या निवडीपासून नियम अधिक कडक करण्यात आले. अलीकडच्या काळातील 15 अंतिम उमेदवारांतून सात जण उरतात. प्रत्येक सदस्याने त्यांपैकी पाच जणांना मत द्यायचे आणि 80 टक्के मते मिळतील तोच निवडला जायचा, अशी ही रचना आहे.

साधे गणित केले तर तिची कठोरता ध्यानात येते. मतदार 50 मानले, तर एकूण मते 250 होतात आणि निवडीसाठी 40 मते लागतात. ही मते सात जणांत समान विभागली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 36 हून कमी मते येतील आणि एकही जण 80 टक्क्यांचा टप्पा गाठू शकणार नाही. म्हणजेच सातही उमेदवार तुल्यबळ असणे हीच त्यांच्यासाठी अडचण ठरते. 2025 मध्ये या गटातून तिघेच निवडले गेले. ज्येष्ठ खेळाडूंच्या गटातील शार्प धरून एकूण संख्या चार झाली. 2005 नंतरची ही सर्वांत लहान निवड होती. अखेरच्या सातांत असूनही होल्ट तेव्हा मागे राहिले.

त्याच वर्षी 15 जणांच्या यादीत आणखी दोन रिसीव्हर होते. रेजी वेन यांचे 1,070 झेल व 14,345 यार्ड आणि स्टीव्ह स्मिथ यांचे 1,031 झेल व 14,731 यार्ड हे दोन्ही आकडे होल्ट यांच्यापेक्षा जास्त आहेत; मात्र हे दोघे होल्ट यांच्याहून अधिक हंगाम खेळले. एकाच जागेचे तीन दावेदार समोर असले की मते विभागली जातात. त्यात कालौघाची भर पडते. 1984 मध्ये आर्ट मंक यांनी 106 झेल घेतले, तेव्हा तो एका हंगामातील विक्रम होता. 2019 मध्ये मायकेल थॉमस यांनी 149 झेल घेतले. हंगामातील सामने 2021 पासून 16 चे 17 झाले. नवे आकडे फुगत जातात, तसतसे जुने आकडे नव्या पिढीला किरकोळ वाटू लागतात. 1,432 झेल घेणारे फिट्झगेराल्ड शेजारी उभे राहिले की 920 ही संख्या लहान दिसणे स्वाभाविक आहे.

रिसीव्हरांची अशी कोंडी यापूर्वीही झाली होती. कारकिर्दीतील सर्वाधिक झेलांचा विक्रम 1992 मध्ये मोडणारे मंक 2001 मध्ये पात्र ठरले, पण त्यांची निवड व्हायला 2008 उजाडले. त्यांच्यानंतर क्रिस कार्टर, आंद्रे रीड आणि टिम ब्राऊन एकमेकांची वाट अडवून उभे होते. समितीने एकदा क्रम लावायचा ठरवला आणि 2013 मध्ये कार्टर, 2014 मध्ये रीड, 2015 मध्ये ब्राऊन व 2016 मध्ये हॅरिसन असे चौघे ओळीने आत गेले. मात्र त्या वेळी मतदानाचे नियम आजच्याइतके कडक नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

होल्ट यांच्याकडे वेळ आहे, पण तो अमर्याद नाही. अखेरचा सामना खेळून 25 वर्षे उलटली की खेळाडू ज्येष्ठांच्या गटात जातो. तेथे प्रशिक्षक आणि इतर योगदान देणारेही स्पर्धेत असतात आणि जागा त्याहून थोड्या असतात. शार्प यांना त्या मार्गाने यायला अखेरच्या हंगामानंतर तीन दशके लागली. 2030 च्या दशकाच्या मध्यापर्यंत निवड झाली नाही, तर होल्ट यांच्यापुढेही तोच मार्ग उरेल.

आज होल्ट यांच्या विक्रमांत भर पडण्याची शक्यता नाही. त्यांना सिद्ध करायचे काही उरलेलेही नाही. त्यांच्याविरुद्धच्या प्रत्येक आक्षेपाकडे समितीने इतर कोणासाठी तरी काणाडोळा केला आहे. म्हणून होल्ट यांच्या बाबतीत आता कसोटी खेळाडूची नसून निवड करणाऱ्यांची आहे. एका दशकात सर्वाधिक झेल आणि सर्वाधिक यार्ड मिळवणाऱ्या खेळाडूला त्या दशकाच्या इतिहासात कोणते स्थान द्यायचे, याचे उत्तर त्यांना केव्हा ना केव्हा द्यावेच लागेल.