टाका संपला, काम संपले नाही



आपल्या वस्त्यांतील घरे पाहत गेले तर कुठे ना कुठे मॅटीवर भरलेली तसबीर दिसतेच. कुठे मोराची जोडी, कुठे ताजमहाल, कुठे तथागतांची ध्यानस्थ मूर्ती, कुठे बाबासाहेबांचा निळा कोट आणि हातातले पुस्तक. फुलीच्या टाक्याने, म्हणजे ज्याला आपण सर्रास क्रॉस स्टिच म्हणतो त्याने, भरलेले हे काम. पण भिंतीवर दिसते त्याहून कितीतरी अधिक काम दिसत नाही. ते ट्रंकेत, पलंगाखालच्या पेटीत, माळ्यावरच्या बोचक्यात पडून असते. भरून झाले, शेवटचा टाका घातला, दोरा कापला आणि पुढे काय करायचे हे ठाऊक नसल्याने घडी घालून ठेवले, ते ठेवलेच. आजचा आमचा विषय या पेटीतल्या कामाचा आहे.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने वाणिज्य शाखेचे. म्हणून प्रथम हिशेब मांडतो. रुंदीला २०० घरे आणि उंचीला २०० घरे असे मध्यम आकाराचे चित्र घ्या. फुल्या झाल्या ४० हजार. एका फुलीचे दोन टाके, म्हणजे ८० हजार टाके. सरावलेल्या हाताने तासाला १०० फुल्या पडतात असे धरले तर ४०० तास झाले. आठ तासांच्या कचेरीच्या भाषेत पूर्ण ५० दिवसांची ड्यूटी. पण आपल्या भगिनीला सलग आठ तास कोण देतो? पाणी, स्वयंपाक, नोकरी, मुलांचा अभ्यास, आजारी सासू हे सगळे आटोपून आठवड्यातून तीन वेळा एकेक तास मिळाला, तर हेच चित्र अडीच वर्षांहून अधिक काळ चालते. मोठे चित्र असेल तर पाच-सहा वर्षे सहज जातात. एवढ्या श्रमाचा माल आपण कसरीच्या आणि ओलीच्या हवाली करतो, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी, त्या शाळेत आयाची नोकरी करीत, सहा वर्षे खपून बुद्धाची मूर्ती भरली. हौसेने फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने कापडाच्या मागे गोंद फासून ते हार्डबोर्डवर चिकटवले, वर काच दाबली आणि दुसऱ्या दिवशी हातात दिले. तीन पावसाळे गेले. काचेच्या आतून पांढरट बुरशी आली, कापडावर तपकिरी ठिपके उमटले. काढून धुवावे म्हटले तर गोंदामुळे कापड बोर्डाला सोडीना. सहा वर्षांचे काम तीन वर्षांत गेले. फ्रेमवाल्याने मुद्दाम केले असे नाही. त्याने कागदाच्या फोटोला जे करतात ते कापडाला केले. कापडाची गरज वेगळी असते, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

म्हणून क्रमाने सांगतो.

सुरुवात भरण्यापूर्वीच होते. कापडाच्या एका इंचात किती घरे आहेत ते मोजा. इंचाला १४ घरे असतील आणि चित्र २०० घरांचे असेल, तर २०० भागिले १४, म्हणजे सव्वाचौदा इंच चित्र होईल. त्यावर चारही बाजूंना किमान तीन-तीन इंच कापड मोकळे हवे. म्हणजे एकवीस इंचाचे कापड घ्या. कापड वाचवायला म्हणून काठापर्यंत भरले की पुढे ताणायला कापडच उरत नाही, आणि मग फ्रेमवाला गोंदाची बाटली काढतो. काठ उसवू नयेत म्हणून सुरुवातीलाच कच्ची शिलाई घालून घ्यावी.

काम वर्षानुवर्षे चालणार असेल तर रोज उठताना रिंग काढून ठेवा. महिनोन्महिने कसलेल्या रिंगचा मळकट गोल वळ पुढे जाता जात नाही. सुई कापडात टोचून ठेवू नका. दमट हवेत ती गंजते आणि गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही. घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेले पांढरे सुती कापड गुंडाळून त्यावर काम गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुन्या मलमलीत बांधा म्हणजे हवा खेळती राहील.

भरून झाल्यावर धुणे आवश्यक आहे, काम दिसायला स्वच्छ असले तरी. हाताचा घाम आणि तेल कापडात मुरलेले असते, ते आज दिसत नाही, पण काही वर्षांनी पिवळे पडते. आधी प्रत्येक गडद रंगाच्या दोऱ्यावर, विशेषतः लाल, निळा आणि काळा यांवर, ओला पांढरा कपडा दाबून पाहा. रंग लागला तर सावध व्हा. थंड पाणी, अगदी सौम्य साबण, हलकेच दाबून धुणे. घासू नये, पिळू नये, ब्लीचचे नाव काढू नये. धुताना रंग सुटलाच तर घाबरून वाळत टाकू नका. वाळला की तो बसला. पाणी निवळ येईपर्यंत थंड पाण्यातच पुन्हा पुन्हा खळबळत राहा. पेन्सिलीच्या रेघा किंवा डाग इस्त्रीपूर्वीच काढा, कारण उष्णतेने डाग पक्का होतो. नंतर पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या. किंचित ओले असतानाच जाड टॉवेलवर चित्र पालथे घालून मागून इस्त्री करा. सुलट बाजूने इस्त्री फिरवली की फुल्या चपट्या होतात आणि कामाचा उठाव जातो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कापड कडक दिसावे म्हणून कांजी घालण्याची आपल्याकडे सवय आहे. फ्रेममध्ये जाणाऱ्या कामाला कांजी कधीही घालू नये. कसर कांजीवरच येते. आपणच तिला आमंत्रण दिल्यासारखे होते.

आता ताणणे. बोर्डासाठी साधा तपकिरी हार्डबोर्ड थेट कापडाला लावू नये. त्यातले आम्ल हळूहळू कापडात उतरते आणि कापड पिवळे, ठिसूळ होते. मोठ्या शहरांत ॲसिड-फ्री बोर्ड मिळतो, तो घ्यावा. न मिळाल्यास निदान मध्ये धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा थर द्यावा. मागे रद्दी वर्तमानपत्र तर मुळीच भरू नये. चित्र बोर्डावर मध्यावर ठेवा. चारही कडांना मधोमध टाचण्या टोचा आणि तेथून कोपऱ्यांकडे टोचत जा. कापडाच्या घरांची ओळ बोर्डाच्या कडेला सरळ आहे ना ते पाहा. मग पालथे करून, गोधडी शिवायचा मजबूत दोरा घेऊन, वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत नागमोडी टाके घालीत जा आणि बाजेची दोरी ओढतात तसे मधून मधून ओढून घ्या. वरखाली झाले की डावीउजवीकडे तसेच करा. शेवटी टाचण्या काढा. यात गोंदाचा थेंब नाही. उद्या धुवायचे झाले तर दोरा कापला की काम मोकळे. हे काम घरी दोन संध्याकाळींत होते. फ्रेमवाल्याकडे फक्त चौकट आणि काच राहते.

काचेबद्दल एकच नियम: काच टाक्यांना टेकता कामा नये. मध्ये माउंटची जाड चौकट किंवा बारीक पट्टी हवी. मुंबई, कोकण, ठाणे या भागांतील दमट हवेत काचेच्या आत पाण्याचे कण धरतात, आणि काच टेकलेली असेल तर ते थेट कापडात जातात. म्हणून फ्रेम पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की करावी, म्हणजे ओल आत कोंडली जात नाही. मागची बाजू कागदी पट्टीने बंद करून घ्या, धूळ आणि किडे आत जाणार नाहीत.

फ्रेमवाल्याला हे सगळे तोंडी सांगून भागत नाही. कारकुनाचा सल्ला माना आणि कागदावर लिहून द्या: गोंद नको, काच टेकायला नको, कापड कापू नये, बोर्ड बदलू नये. पावतीवर या अटी लिहून घ्या आणि देण्यापूर्वी मोबाइलवर कामाचा पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा.

टांगण्याची जागा आपल्या घरांत मोजकीच असते हे आम्ही जाणतो. तरी तीन जागा टाळा. खिडकीसमोरची, कारण उन्हाने उडालेला रंग परत येत नाही आणि साधी काच ते थांबवीत नाही. वस्तुसंग्रहालयात जुन्या कापडावर जेमतेम ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवण्याचा प्रघात आहे, तो यासाठीच. दुसरी, स्वयंपाकाच्या ओट्याजवळची, तेलकट वाफेमुळे. तिसरी, पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा. भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळेल, वाळवीही लवकर दिसेल. ज्या घरी बुद्धाची किंवा बाबासाहेबांची भरलेली तसबीर वंदनेच्या जागी आहे, त्यांनी मेणबत्ती आणि अगरबत्ती तसबिरीच्या थेट खाली न ठेवता हातभर पुढे ठेवावी, आणि हार घालण्यापूर्वी त्याचे पाणी निथळू द्यावे. श्रद्धेत काही उणे होत नाही, काजळी आणि डाग मात्र टळतात.

फ्रेमचा खर्च झेपत नसेल तरी काम पेटीत ठेवू नये. मागे सुती अस्तर लावून, वर-खाली नेफा करून त्यात लाकडी दांडी घातली की भिंतीवर टांगता येते. काच नाही म्हणून धूळ बसेल. ती मऊ ब्रशने झटकावी.

हे सर्व झाल्यावर जी गोष्ट उरते, तीच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. काम करणारीचे नाव.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक कापड जपून ठेवले आहे. साधारण १८३० सालचे. त्यावर फूल नाही, पक्षी नाही, वेलबुट्टी नाही. पांढऱ्या तागाच्या कापडावर लाल दोऱ्याने, बारीक फुलीच्या टाक्यात, ओळींमागून ओळी अक्षरेच अक्षरे आहेत. ते भरणारी एलिझाबेथ पार्कर १८१३ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात गरीब घरी जन्मली. लहान वयात ती परक्या घरी मोलकरीण म्हणून कामाला लागली. आपल्याला लिहिता येत नाही असे सांगून ती सुईने आपली कहाणी सांगते: मालकाने केलेला छळ, मनात आलेले जीव देण्याचे विचार, कोणाजवळ बोलावे ही घुसमट. शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटते आणि खाली कापड कोरे राहते. पुढे ती शाळेत शिकवू लागली, म्हातारपणापर्यंत जगली, असे अभ्यासकांनी शोधून काढले. हे शोधता आले ते तिने आपले नाव-गाव त्या टाक्यांत घातले होते म्हणून. तिला छळणाऱ्या घरातल्या चांदीच्या भांड्यांचे काय झाले, हे विचारायलाही आज कोणी जात नाही.

आपल्या शेजारच्या धारवाड भागातील कसुतीत फुलीच्या टाक्याला मेंथी म्हणतात, मेथीच्या दाण्यावरून. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तो लुगड्यांवर भरला. किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? आपल्या आजी-पणजींनी शिवलेल्या गोधड्यांचेही तेच. ज्या समाजाचे नाव शतकानुशतके कोणत्याही कागदावर मानाने लिहिले गेले नाही, त्या समाजातील बाईने सहा वर्षांच्या श्रमाखाली आपले नाव घालायला संकोचावे, हे आम्हाला पटत नाही. ‘आपले कसले नाव घालायचे, देवाण-घेवाणीतली वस्तू’ असे म्हणणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. कचेरीत साध्या टाचणाखालीसुद्धा सही केल्यावाचून साहेब फाईल पुढे सरकवीत नाही. मग ८० हजार टाक्यांखाली सही का नको?

उजव्या कोपऱ्यात, एकाच पदराच्या दोऱ्याने, नाव आणि वर्ष भरा. लेकीने मदत केली असेल तर तिचेही. मागच्या बाजूला सुती पट्टीवर गाव, काम कधी सुरू केले, कधी संपले, कोणासाठी केले हे लिहून ती पट्टी टाचून टाका. जुने काम असेल आणि भरणारी आई किंवा आजी आज हयात नसेल, तरी तिच्या नावाची पट्टी लावता येते. चाळींच्या जागी इमारती उठत आहेत. घर बदलताना कोणती वस्तू न्यायची आणि कोणती भंगारात द्यायची हे नवी पिढी घाईत ठरवते. मागे आजीचे नाव दिसले तर तो हात थबकेल.

महिला मंडळांना आमची सूचना आहे. येत्या हिवाळ्यात एक रविवार यासाठी ठेवा. प्रत्येकीने पेटीतले काम, बोर्ड आणि गोधडीचा दोरा घेऊन यावे. ज्येष्ठ भगिनींनी ताणणे शिकवावे, शाळेत जाणाऱ्या मुलींनी पट्ट्यांवर नावे लिहून द्यावीत. अर्धवट राहिलेले कामही आणावे. ते जिथे थांबले तिथपर्यंतसुद्धा कोणाचे तरी श्रम आहेत, आणि त्यावरही नाव घालता येते.