जहाजावरचं सेमिस्टर : पात्रतेत बसणं सोपं, कर्जात बसणं अवघड

बेळगाव : पदवीचे निकाल लागले की टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागातल्या घरांत परदेशी शिक्षणाचा विषय निघतोच. तेवढ्यात कधीतरी मोबाइलवर जाहिरात येते. पांढरंशुभ्र जहाज, डेकवर पुस्तक घेऊन बसलेली मुलं, साडेतीन महिन्यांत दहा-अकरा देश आणि वर अमेरिकन विद्यापीठाचे गुण. मुलगा किंवा मुलगी हरखून जाते, आणि वडील पहिला प्रश्न विचारतात, ‘एकूण किती लागतील?’ खरं तर त्याआधी विचारायला हवं की या शिक्षणाला बँक आणि विद्यापीठ काय म्हणून ओळखणार आहेत.

या प्रकारातला सगळ्यात जुना आणि परिचित कार्यक्रम म्हणजे ‘सेमिस्टर ॲट सी’. त्याची सुरुवात १९६३ ची. २०१६ पासून कोलोराडो स्टेट विद्यापीठ त्याचे शैक्षणिक भागीदार असून गुणपत्रिका या विद्यापीठाची मिळते. पात्रतेच्या अटी फारशा कडक नाहीत. मान्यताप्राप्त महाविद्यालयात किमान एक पूर्ण सेमिस्टर झालेलं असावं, जीपीए साधारण २.७५ च्या वर असावा, शिस्तभंगाची कारवाई नसावी. आपल्याकडच्या चांगल्या सेकंड क्लासवाल्यालाही त्यात बसता येईल.

अडचण वेगळीच आहे. जहाजावर शिकवले जाणारे विषय मुख्यतः पदवीपूर्व पातळीचे असतात. बी.कॉम. होऊन बसलेल्या मुलाला ‘ग्रॅज्युएट प्रोग्राम’ म्हणून कुणी हे विकत असेल, तर ते एम.कॉम. किंवा एमएस नव्हे, एवढं आधी समजून घ्यावं. पदवी झाली आहे, पुढे कुठे प्रवेश घेतलेला नाही, अशा विद्यार्थ्याला जहाजावर जागा मिळू शकते. पण उतरल्यावर ती क्रेडिट जमा करायला त्याच्याकडे खातंच नसतं.

खास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही घेणारं जहाज एकदा निघालं होतं. ‘द स्कॉलर शिप’ या नावाने. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या पिरेयस बंदरातून ते सुटलं. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी विद्यापीठासह अनेक देशांची विद्यापीठं सोबत होती, क्रूझ क्षेत्रातल्या रॉयल कॅरिबियन कंपनीचा पैसा होता. दुसऱ्याच वर्षी पैशाचं पाठबळ आटलं आणि २००८ मध्ये पुढच्या सफरी थांबल्या. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये ‘रिंडम’ नावाच्या जहाजावरून अमेरिकेतल्या सुमारे ५०० विद्यार्थ्यांचं ‘तरंगतं विद्यापीठ’ निघालं, तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाने सफरीआधीच त्यातून अंग काढून घेतलं होतं. म्हणजे ‘जहाज सुटेल, पण गुण कोण देणार?’ हा प्रश्न जवळजवळ १०० वर्षांचा आहे.

आता हिशेब. केबिन कशी घेतली त्यावर फी कमी-जास्त होते, पण ती ३० हजार डॉलरच्या आसपास धरून चालावं. त्यात शिकवणी, राहणं आणि जेवण येतं. चढायच्या बंदरापर्यंतचं आणि परतीचं विमान, व्हिसा, बंदरावरच्या सहली, हातखर्च हे सगळं वेगळं. डॉलर ८५ रुपये धरला तर नुसती फी २५ लाख ५० हजार होते. डॉलर एका रुपयाने चढला की घरावर ३० हजारांचा बोजा वाढतो. आणि हे एका सेमिस्टरचं आहे, पदवीचं नाही.

शैक्षणिक कर्जाच्या आयबीए नमुना योजनेत परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरच्या कर्जाला १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, म्हणजे वरच्या आकड्यात ३ लाख ८२ हजार ५००. साडेसात लाखांच्या वर गेलं की घर, प्लॉट, ठेव असं काहीतरी तारण आलंच. याच योजनेत अभ्यास सहल आणि परदेशी प्रवासाचा खर्च धरता येतो, ही जमेची बाजू. पण तो ‘अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी लागणारा’ खर्च असावा लागतो. म्हणजे आधी पूर्ण पदवीला प्रवेश हवा आणि जहाजावरचं सेमिस्टर त्या पदवीचा भाग आहे असं विद्यापीठाचं पत्र हवं. सुटं सेमिस्टर घेऊन गेलात, तर मॅनेजरच्या टेबलावर ती फाइल अडण्याचीच शक्यता जास्त.

हाच मुद्दा कराच्या बाबतीतही येतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार परदेशी पैसे पाठवताना १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो शून्य. स्वतःचे पैसे शिक्षणासाठी पाठवले तर ५ टक्के, म्हणजे वरच्या १५ लाख ५० हजारांवर ७७ हजार ५००. आणि तीच रक्कम शिक्षणाऐवजी इतर कारणाखाली गेली तर २० टक्के, म्हणजे ३ लाख १० हजार. रिटर्न भरल्यावर हे पैसे परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. म्हणून बिलावर विद्यापीठाचं नाव आहे की टूर कंपनीचं, हे पैसे पाठवण्याआधी सीएला दाखवलेलं बरं.

शिष्यवृत्तीचं काय? केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, गुण ६० टक्के, वय ३५ च्या आत. पण ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी. तेलंगणाच्या ओव्हरसीज विद्यानिधी योजनांतून २० लाखांपर्यंत मदत मिळते, तीही पदव्युत्तर प्रवेशाला, त्यामुळे हैदराबादच्या मराठी घरांना सुट्या सेमिस्टरसाठी तिचा उपयोग नाही. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मुलांची नेहमीचीच कोंडी इथेही आहे. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सीमाभाग म्हणून प्रवेशाची सवलत मिळते. परदेशी शिष्यवृत्तीला मात्र महाराष्ट्र सरकार महाराष्ट्राचा डोमिसाइल मागतं. त्यामुळे अर्ज कर्नाटकाच्या किंवा केंद्राच्या योजनेतच करावा लागतो.

परत आल्यावर ही क्रेडिट इथल्या विद्यापीठात चालतील का, तर आपोआप नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत परदेशी संस्थेतून ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची सोय आहे, पण दोन्ही संस्थांमध्ये करार असेल तरच. त्यातही अमेरिकेत पुढे मास्टर्स करायचं ठरलं, तर तिथली बरीच विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला एक वर्ष कमी पडतं आणि जहाजावरचं एक सेमिस्टर ते भरून काढत नाही.

व्हिसाचा घोळ वेगळा. अमेरिकन पासपोर्टवाला ज्या बंदरात सहज उतरतो, तिथे भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागू शकतो. युरोपचा एक, दक्षिण आफ्रिकेचा एक, अशी यादी वाढते. प्रत्येकाची फी, बँक स्टेटमेंट, आणि बेळगावहून बंगळूर किंवा मुंबईच्या फेऱ्या.

गोवा आणि कोकणपट्ट्यात आणखी एक गल्लत होते. इथली कितीतरी मुलं क्रूझवर नोकरीला आहेत, त्यामुळे ‘जहाजाचा कोर्स’ म्हटलं की नोकरी असंच समजलं जातं. या कार्यक्रमात विद्यार्थी प्रवासी असतो, खलाशी नव्हे. सीडीसी मिळत नाही आणि समुद्रावरचे दिवस सी-टाइममध्ये धरले जात नाहीत. एखादा एजंट यातून पुढे जहाजावर नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागावं. आणि पहिला हप्ता भरण्याआधी रिफंडची अट वाचावी, विशेषतः व्हिसा नाकारला गेला किंवा सफरच रद्द झाली तर किती परत मिळणार, ती ओळ.