आधी आरसा, मग बैठक

बंगळूरच्या एखाद्या मराठी घरात शाळकरी मुलाने, किंवा हल्ली पुष्कळदा घडते त्याप्रमाणे नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने, आकाशदर्शनासाठी दुर्बीण घ्यावयाचे मनावर घेतले, की सल्लागारांची जी गर्दी होते तीत माझ्याही एका सल्ल्याची भर घालण्यापूर्वी माझा पक्ष आरंभीच नमूद करून ठेवतो: नवशिक्याने १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, व्यासाच्या आरशाची साधी न्यूटन पद्धतीची परावर्तक दुर्बीण डॉब्सन बैठकीवर, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या पेटीवर, घ्यावी, आणि पदरी पैसा उरलाच तर तो एखाद्या चांगल्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, घालावा.

पहिला पूर्वपक्ष आकड्याचा. ७६ मिलिमीटरच्या आरशाची छोटी दुर्बीण ज्या खोक्यातून येते त्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यात लबाडी नाही; ७०० मिलिमीटर नाभीय अंतरास ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने भागले की १७५ येतात, व सोबत दिलेल्या, प्रतिमा तिप्पट करणाऱ्या बार्लो भिंगाने गुणले की ५२५ बरोबर जमतात. परंतु आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोनपट, एवढीच प्रतिमा मोठी करण्याची सामान्यतः उपयुक्त मर्यादा असल्यामुळे, या आरशाची ऐपत दीडशे पटींशी संपते, आणि त्यापुढे शनी म्हणून जे दिसते तो एक धुरकट, थरथरणारा पिवळा गोळा असतो. दुर्बिणीचे खरे काम प्रकाश गोळा करण्याचे व बारकावे वेगळे दाखविण्याचे आहे. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, सबब १५० मिलिमीटरचा आरसा ७६ मिलिमीटरच्या आरशाहून जवळजवळ चौपट प्रकाश डोळ्यात घालतो, आणि तेथे १२० पटींतच शनीच्या कड्याची कडा रेखीव दिसते.

याच पक्षाचा एक चतुर भाऊबंद आहे, त्याचीही झडती घेतली पाहिजे. ११४ मिलिमीटर व्यास, १००० मिलिमीटर नाभीय अंतर, आणि नळी मात्र जेमतेम हातभर, अशी दुर्बीण दिसली की समजावे की नेत्रिका बसविण्याच्या नळकांड्यात एक जादा भिंग दडवून अंतर वाढविलेले आहे. आतला आरसा आखूड अंतराचा व गोलीय असतो, स्वस्तातले भिंग त्याचा दोष पुरता झाकीत नाही, आणि आरसे जुळविण्याचे काम नवशिक्याच्या हाती लागेनासे होते. त्यापेक्षा ९०० मिलिमीटर अंतराची लांब नळीची ११४ची दुर्बीण पुष्कळ प्रामाणिक.

दुसरा पूर्वपक्ष अधिक शहाणा दिसतो. तो म्हणतो, आकाश फिरते, म्हणून ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाची विषुववृत्तीय बैठक घ्या, म्हणजे एक मूठ फिरविली की तारा दृष्टीत राहतो. युरोपात हे ठीक. परंतु बंगळूरचे अक्षांश सुमारे १३ अंश उत्तर असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे बहुधा शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे, असतो. अक्ष इतका आडवा करावा लागतो की स्वस्त बैठकींपैकी काहींचे समतोलाचे वजन तिपाईच्या पायाला लागते. शिवाय त्या किमतीत मिळणाऱ्या बैठकी इतक्या लेच्यापेच्या असतात की नाभीकरणाच्या चाकाला बोट लावताच गुरू नाचू लागतो. उलट जॉन डॉब्सन यांनी रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखविण्यासाठी प्लायवुड, फॉर्मायका आणि टेफ्लॉन एवढ्यावर जी बैठक लोकप्रिय केली, ती खाली जमिनीशी घट्ट बसते आणि बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकते. तीत तारा धरून ठेवता येत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. १२० पटींत साधारण नेत्रिकेचे क्षेत्र सुमारे २५ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित कमी, असते, तेव्हा खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह शंभरएक सेकंदांत पार निघून जातो. पण शंभर सेकंद पाहून हलका धक्का देणे ही सवय एका संध्याकाळी अंगवळणी पडते. याहून खरी अडचण निराळीच आहे, आणि आश्चर्य असे की प्रतिपक्ष तिचा उल्लेखही करीत नाही: येथे ग्रह पुष्कळदा जवळजवळ माथ्यावरून जातात, आणि डॉब्सन बैठक माथ्याजवळ अडखळते, कारण तेथे थोडेसे सरकायलाही सारी पेटी गर्रकन फिरवावी लागते. उपाय एवढाच की ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावा. छायाचित्रणाचा हव्यास असणाऱ्याने मात्र माझे ऐकू नये. त्याचा मामला आणि त्याचा खर्च दोन्ही वेगळे.

तिसरा पक्ष निराशेचा: शहरात एवढे दिवे, मग मोठा आरसा कशाला? दिव्यांनी तेजोमेघ मारले हे खरेच. पण चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना दिव्यांची फारशी तमा नसते, आणि त्यांच्या बारकाव्यांना व्यासच लागतो. शिवाय डिसेंबर ते मार्च या निरभ्र महिन्यांत गाडीच्या मागच्या आसनावर आडवी मावणारी सहा इंची नळी गावाबाहेर नेली, तर पहाटेकडे दक्षिणेस ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तीस अंशांपर्यंत चढतो आणि कडेकडेचे तारे सुटे दिसू लागतात. पुण्यामुंबईच्या मंडळींना तो याहून पाच-सहा अंश खाली पाहावा लागतो.

आरशाची निगा कटकटीची, असेही म्हणतात. त्यांना आरसा आपल्याला परका नाही याचा एक दाखला देतो, की कवलूर येथील २.३४ मीटरच्या दुर्बिणीचा आरसा बंगळूरलाच, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत घासून तयार झाला. आणि दुसरा दाखला पुण्याचा. तेथील विज्ञान महाविद्यालयात कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली, तिची २० इंची परावर्तक दुर्बीण कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मोडली, आणि सारे साहित्य कोडाईकनालला रवाना झाले. त्या आरशात उणे काही नव्हते. पाहणारा उठून गेला होता. नवशिक्याचीही दुर्बीण माळ्यावर जाते ती बहुधा बसविण्याच्या खटाटोपापायी, आणि ज्या यंत्राची नळी पेटीत ठेवली की काम सुरू होते, त्याला तो धोका सर्वांत कमी. खरेदीनंतर पाहण्याच्या अर्धा तास आधी नळी गच्चीवर थंड होऊ द्यावी आणि दोन्ही आरशांची जुळणी तपासून घ्यावी, एवढे केले की पहिल्या रात्रीचा चंद्र पाहायला हरकत नाही.