दहाच्या नाण्याएवढा दर्यावर्दी

दोस्तांनो, घरात दहा रुपयांचं नाणं आहे ना? आणा पाहू! वहीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. आता या गोलात एका माणसाचा चेहरा काढायचाय. कुरळे केस, टोकदार दाढी, गळ्याभोवतीची झालर, सगळं दिसलं पाहिजे हं! जमेल?

निकोलस हिलियर्ड या इंग्रज चित्रकाराला 1581 मध्ये ते जमलं. त्यानं काढलेलं फ्रान्सिस ड्रेकचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. व्यास फक्त 28 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या नाण्याहून जेमतेम 1 मिलिमीटर जास्त!

हिलियर्ड सोनारकाम शिकलेला. त्यामुळे बारीक कामाची सवय होतीच. वासराच्या तलम कातड्यावर खारीच्या केसांच्या कुंचल्यानं तो जलरंग भरायचा. कातडं ताठ राहावं म्हणून मागे चक्क पत्त्यातलं पान चिकटवायचं! रंगवताना रेशमी कपडे घालावेत, म्हणजे तुसं पडत नाहीत. चित्रावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचा शिंतोडा उडाला तर काम बिघडतं, असं त्यानं लिहून ठेवलंय.

आणि हा ड्रेक कोण? 1577 मध्ये तो इंग्लंडहून निघाला आणि पृथ्वीला वळसा घालून 1580 मध्ये परतला. असं करणारा तो पहिला इंग्रज कप्तान. वाटेत त्यानं स्पेनची जहाजं लुटली. त्या लुटीतला वाटा राणी पहिली एलिझाबेथ हिलाही मिळाला. 1581 मध्ये त्याच्याच जहाजावर त्याला ‘सर’ हा किताब देण्यात आला. 1588 मध्ये स्पेनचं आरमार चालून आलं, तेव्हा तो इंग्लंडच्या ताफ्याचा उपप्रमुख होता.

म्हणजे मोठा वीरच की! पण स्पेनच्या लोकांना विचाराल, तर तो दर्यावरचा दरोडेखोर. शिवाय तरुणपणी, 1560 च्या दशकात, आफ्रिकेतली माणसं पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या जहाजांवरही तो होता. त्या माणसांची अशी सुबक चित्रं कोण काढणार?

चित्रात यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त रुबाबदार चेहरा. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या शूराचं चित्र पाहिलंत, की आई-बाबांना एक प्रश्न जरूर विचारा: पलीकडच्या बाजूचे लोक याची गोष्ट कशी सांगत असतील?

आणि हो, तुमचा गोल अजून रिकामाच आहे! बसवा आजोबांना समोर. पण रंगवताना गप्पा बंद, बरं का!