बारा डॉलर महिना : बर्मिंगहॅमचे १९०८ साल

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. सात समुद्रापलीकडच्या त्या मुक्तीचा आनंद जोतीरावांना झाला, कारण आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांची सुटका त्यांना तिच्यात दिसत होती. परंतु त्या मुक्तीनंतर मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे आम्हाला तो विचारावासा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेचा सारा इतिहास चाळण्याची गरज नाही. एका शहराचे एक वर्ष पुरे आहे. शहर बर्मिंगहॅम, राज्य अलाबामा, साल १९०८.

हे शहर जोतीरावांच्या ग्रंथाच्या दोनच वर्षे आधी, १८७१ साली वसले. लोखंड करायला लागणारे खनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी तिथे जवळजवळ सापडतात. म्हणून इंग्लंडमधल्या पोलादी शहराचे नाव त्याला दिले गेले. भट्ट्या पेटल्या, रेल्वे आल्या आणि बघता बघता शहर एवढे वाढले की लोक त्याला 'जादूनगरी' म्हणू लागले. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात या शहराने ५६ फूट उंचीचा लोखंडी पुतळा पाठवला. तो होता व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोकांच्या लोहार देवाचा. आमच्या भट्ट्या पाहा, आमची भरभराट पाहा, असे शहर जगाला सांगत होते. त्या भट्ट्यांना लागणारा कोळसा कोण काढत होते, हे मात्र पुतळ्यावर लिहिलेले नव्हते.

१९०७ च्या नोव्हेंबरात बाजार कोसळला असताना न्यूयॉर्कच्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने इथली सर्वांत मोठी कंपनी, टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड, विकत घेतली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची त्याला मूक संमती होती. त्यामुळे १९०८ साल उजाडले ते नव्या मालकासह. शहरात दारूबंदीही त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाली. नीतिमान शहर, शिस्तीचे शहर, प्रगतीचे शहर असे सगळीकडे बोलले जात होते.

आता कायद्याकडे वळू. १९०१ साली अलाबामाने नवे राज्य-संविधान केले. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे हाच आपला हेतू आहे, असे त्या परिषदेच्या अध्यक्षांनी उघडपणे सांगितले होते. संघराज्याच्या संविधानाला धक्का न लावता ते कसे करायचे? तर मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे किंवा त्याच्याकडे मालमत्ता पाहिजे, त्याने दरवर्षी दीड डॉलर मतदान-कर भरलेला पाहिजे आणि कर थकला तर मागची सगळी बाकीही चुकती केली पाहिजे. 'काळा' हा शब्द कलमात कुठेच घालावा लागला नाही. सुमारे १ लाख ८० हजार पात्र कृष्णवर्णीय मतदारांपैकी नोंदणीत ३ हजारही उरले नाहीत. जॅक्सन जाइल्स नावाचा कृष्णवर्णीय नागरिक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. १९०३ साली न्यायमूर्ती होम्स यांनी बहुमताचा निकाल दिला. त्याचा सारांश असा : साऱ्या गोऱ्या समाजानेच तुम्हाला मत द्यायचे नाही असे ठरवले असेल, तर यादीत नाव घालून काय उपयोग? दाद राजकारणात मागा. ज्याचे मतच काढून घेतले, त्याला सांगितले की राजकारणात दाद माग!

मत गेले की कायदा कोण करणार? तो मालकाच्याच बैठकीत होणार. १९०८ च्या मार्च महिन्यात बर्मिंगहॅमशेजारच्या शेल्बी काउंटीत ग्रीन कॉटनहॅम नावाच्या २२ वर्षांच्या तरुणाला पकडले. त्याचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले होते. हा मात्र जन्मतःच स्वतंत्र नागरिक. गुन्हा कोणता? तर 'भटकेपणा'. म्हणजे हाताला काम असल्याचा पुरावा तुझ्याकडे नाही. शिक्षा ३० दिवस सक्तमजुरीची. पण शेरीफची फी, त्याच्या हाताखालच्या माणसाची फी, कारकुनाची फी, साक्षीदारांची फी, हे सारे आरोपीनेच भरायचे. ते भरता आले नाही म्हणून ३० दिवसांचे जवळजवळ वर्ष झाले. दुसऱ्याच दिवशी त्याला त्या बड्या कंपनीच्या हवाली केले. कंपनीने काउंटीला त्याच्यापोटी महिना १२ डॉलर द्यायचे, असा व्यवहार ठरलेलाच होता.

कॉटनहॅमला प्रॅट खाणीतील १२ क्रमांकाच्या उतारात उतरवले गेले. तिथे त्याच्यासारखे हजारावर कृष्णवर्णीय कैदी होते. रात्री साखळदंड, दिवसा काळोख आणि काम कमी भरले की चाबूक. १५ ऑगस्ट १९०८ रोजी तो क्षयाने मेला. साडेचार महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी त्या उतारात त्याच्यासारखी जवळजवळ साठ माणसे मेली आणि बहुतेकांना खाणीच्या राडारोड्यात उथळ खड्डे करून पुरले गेले. डग्लस ब्लॅकमन या पत्रकाराने शंभर वर्षांनी, २००८ साली, कोर्टकचेऱ्यांची जुनी दप्तरे उघडून हे सारे जगासमोर मांडले, म्हणून आपल्याला हे नाव तरी ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. तो मेला तर मालकाचे पैसे बुडत होते. भाड्याने घेतलेला कैदी मेला तर कंपनीचे काहीच बुडत नव्हते. दुसरा कैदी मिळत होता, तोही त्याच भावात. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली खरी, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून' असा अपवाद तिच्यातच ठेवला होता. त्या एका अपवादाच्या फटीतून अख्खी खाण आत शिरली.

आता त्याच शहरातील दुसरी बाजू पाहा. कैदी नसलेले हजारो खाणकामगार होते, गोरे आणि काळे, आणि काळ्यांचा वाटा मोठा होता. जुलै १९०८ मध्ये मजुरीत कपात झाली तेव्हा युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेने संप पुकारला. जिथे आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, दफनभूमी वेगळी, तिथे एकाच संघटनेत, एकाच सभेत, कंपनीने खोल्यांतून हाकलल्यावर एकाच तंबूतळावर काळे आणि गोरे कामगार आपल्या बायकामुलांसह राहू लागले. मालकांना मजुरीवाढीपेक्षा या तंबूंचीच भीती अधिक वाटली. वर्तमानपत्रांनी 'सामाजिक समते'ची आरोळी ठोकली. आपल्याकडे रोटीबेटीचे नाव काढले की जे होते, तेच तिथे झाले. ब्रायटन गावात कृष्णवर्णीय खाणकामगार विल्यम मिलर याला ऑगस्टच्या सुरुवातीला स्फोटाच्या आरोपावरून पकडले गेले आणि जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढून फासावर लटकवले. खटला नाही, साक्ष नाही, काही नाही.

गव्हर्नर ब्रॅक्स्टन ब्रॅग कॉमर हे सुधारक म्हणून निवडून आलेले गृहस्थ. रेल्वे कंपन्यांशी त्यांनी दोन हात केले होते. पण ते स्वतः कापड गिरणीचे मालकही होते. त्यांनी सशस्त्र शिपाई पाठवले आणि ऑगस्टअखेरीस तंबू कापून टाकण्याचा हुकूम दिला. त्या वेळी संघटनेच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी काय केले? काळ्या कामगारांना बाजूला काढून हा संप गोऱ्यांचा म्हणून चालवू, असा देकार त्यांनी दिला. ज्या खांद्याला खांदा लावून दोन महिने लढले, तोच खांदा त्यांनी सौद्यात टाकला! तरीही गव्हर्नर बधले नाहीत. संप मागे घ्यावा लागला. अलाबामाच्या कोळसा पट्ट्यात ती संघटना पहिल्या महायुद्धापर्यंत पुन्हा उभी राहिली नाही. कपात काळ्यांनी सोसली तशीच गोऱ्यांनीही सोसली. आणि या सगळ्या काळात १२ क्रमांकाच्या उतारातून कोळसा निघतच होता, कारण बेडीतल्या माणसाला संप करता येत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात, अस्पृश्यांना विणकाम खात्यात का घेत नाही, हा प्रश्न त्यांनी लावून धरला होता. कामगार ऐक्याच्या गप्पा मारणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. बर्मिंगहॅमचा अनुभव सांगतो की अडचण प्रश्न विचारणाऱ्याची नव्हती. वेगळेपण पोटात ठेवून केलेले ऐक्य पहिल्याच धक्क्याला फाटते. कैदी भाड्याने देण्याची पद्धत अलाबामाने बंद केली, तीही त्याच १९२८ साली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली. त्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, असे त्यांनी त्यात कळवले होते. हा अभ्यास आपणही पुढे चालवायला हवा.

वर्षाचा शेवट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात झाला. अलाबामातील शेतमजूर अलोंझो बेली याने १५ डॉलर उचल घेऊन वर्षभराचा करार केला होता. पगार किती? महिना १२ डॉलर! महिनाभराने तो काम सोडून गेला. उचल घेऊन काम सोडले म्हणजे लबाडीच केली असे मानावे, आणि आपल्या मनात काय होते हे आरोपीला साक्षीत सांगताही येऊ नये, असा राज्याचा कायदा होता. डिसेंबर १९०८ मध्ये न्यायालयाने प्रकरण अकाली आले म्हणून परत पाठवले. पुढे बेलीला ३० डॉलर दंड झाला. तो भरता येईना. तेव्हा दंडाबद्दल २० दिवस आणि कोर्टखर्चाबद्दल ११६ दिवस सक्तमजुरी! १९११ साली न्यायालयाने अखेर तो कायदा रद्द केला. कॉटनहॅमला हा निकाल पाहायला मिळाला नाही.

२० दिवस दंडाचे आणि ११६ खर्चाचे, हा हिशेब आमच्या डोक्यातून जात नाही. कारण जामीन मंजूर होऊनही काही हजारांची हमी भरता येत नाही म्हणून आत बसलेली आपली मुले आम्ही कोर्टात पाहतो. बर्मिंगहॅम वसले त्याच १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले. तुरुंगातील कामे जातीवरून वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते कुठे ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर.

कॉटनहॅमला जिथे पकडले, त्या शेल्बी काउंटीच्याच खटल्यात २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्याचा मोठा आधार काढून घेतला. अलाबामाने सक्तमजुरीचा तो अपवाद आपल्या राज्य-संविधानातून काढला २०२२ साली. म्हणजे एकशेचौदा वर्षांनीही हे प्रकरण पुरते मिटलेले नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मतदार यादीत आपल्या वस्तीतले नाव गळले का, हे निवडणुकीआधी पाहा. निवडणूक झाल्यावर ओरडून उपयोग नाही. आपल्यातील वकिलांनी महिन्यातून एक दिवस जिल्हा कारागृहात जावे आणि जामीन होऊनही कोण आत आहे याची यादी करावी. महिनाभरात हमी भरता आली नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिले आहेत. ते अर्जात लिहून द्या. कॉटनहॅमच्या वतीने असा एक अर्ज लिहिणारा कोणी त्या दिवशी कोर्टात उभा नव्हता. आपल्याकडे असे लिहिणारे आज हजारो आहेत.